घाबरण्याचे काहीच कारण नाही

बँकेत रुजू झालो त्या दिवशी हजेरीपटाच्या आधी दुसऱ्याच एका कागदावर सही घेतली होती. निष्ठा आणि गुप्तता यांची प्रतिज्ञा. ग्राहकाचे व्यवहार, बँकेचे कामकाज, यातले काहीही कोणाला सांगणार नाही. ही प्रतिज्ञा मी इतकी मनावर घेतली की लग्न ठरताना सासऱ्यांनी पगार विचारला तेव्हाही मी आधी दार बंद आहे का ते बघितले. पुढची सगळी नोकरी तशीच गेली. कोणाची एफडी किती, कोणाचे कर्ज थकले, कोणी बायकोला न सांगता दुसरे खाते उघडले, हे सगळे पोटात ठेवून मी त्याच लोकांच्या पंगतीत बसून मुकाट्याने बुंदी खाल्ली. आणि निवृत्ती दिसायला लागली तेव्हा त्याच बँकेने मला बोलायला शिकवायचे ठरवले.

खरे तर मला नाही. पत्र आले होते आमच्या क्षेत्रीय व्यवस्थापकांना. विषय : वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी माध्यम प्रशिक्षण. साल 2019. सप्टेंबरच्या 23 तारखेला रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले होते आणि खातेदाराला सहा महिन्यांत मिळून फक्त 1,000 रुपये काढता येतील असे सांगितले होते. तीन दिवसांत हजाराचे दहा हजार झाले, पुढे पंचवीस, मग चाळीस, पण लोकांच्या डोक्यात बसला तो हजारच. टीव्हीवर बँकेच्या दारात रडणारी माणसे दिसत होती. त्यामुळे त्या बँकेशी काडीचा संबंध नसलेल्या बँकांच्या मुख्यालयांतही धास्ती शिरली, की उद्या आपल्या साहेबासमोर कोणी माईक धरला तर हा माणूस काय बोलेल?

आमचे क्षेत्रीय साहेब विधानसभा निवडणुकीच्या बैठकीला अडकले होते. त्यांनी फोन केला, "वलगाववरून अमरावती तुम्हाला जवळ आहे. जाऊन या. खुर्ची रिकामी दिसायला नको." मी वलगाव शाखेचा व्यवस्थापक, आणि वलगाव अमरावतीच्या दाराशीच, परतवाडा रस्त्यावर. माझी निवड गुणांवर झाली नव्हती, किलोमीटरवर झाली होती.

प्रशिक्षण एका हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये होते. शिकवायला मुंबईहून बाई आल्या होत्या, पूर्वी कुठल्या तरी वृत्तवाहिनीत काम केलेल्या. (अमरावतीत भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र आहे. म्हणजे प्रश्न विचारणारा घडवायची सोय गावात, उत्तर देणारा घडवायला मात्र माणूस मुंबईहून.) पडद्यावर पहिलेच वाक्य झळकले : माध्यमांशी फक्त बँकेचा अधिकृत प्रवक्ताच बोलेल. मी हॉलभर नजर फिरवली. आमच्यात अधिकृत प्रवक्ता एकही नव्हता. मी हात वर केला आणि विचारले, "मॅडम, मग आम्ही हे शिकून काय करायचं?"

"फार चांगला प्रश्न आहे," बाई म्हणाल्या आणि पुढची स्लाइड लावली.

दुपारी कळले की याला ब्रिजिंग म्हणतात. प्रश्नाचे कौतुक करायचे, त्यावरून पूल टाकायचा आणि आपल्याला हव्या त्या काठावर उतरायचे. विचारणारा मागे राहतो. मी मागे राहिलोच होतो.

त्या दिवशी शिकलो त्यातले पुष्कळ खरोखर शहाणपणाचे होते, हे नाकारत नाही. बारीक रेघांचा किंवा बारीक चौकड्यांचा शर्ट घालू नये, कॅमेऱ्यात तो लाटा मारतो. मी नेमका बारीक चौकड्यांचा घातला होता, म्हणून शेजारच्या शाखेच्या साहेबांचा निळा कोट माझ्या अंगावर चढवला आणि पोळ्याच्या बैलासारखे सजवून मला कॅमेऱ्यासमोर उभे केले.

"तुमची बँक बुडणार आहे का?" बाईंनी एकदम विचारले.

"नाही हो, आमची बँक कशाला बुडेल?"

"कट!" बाई म्हणाल्या. "उद्याचा मथळा काय? 'बँक बुडणार नाही : व्यवस्थापक.' वाचणारा त्यातलं 'नाही' वाचत नाही, 'बुडणार' वाचतो." मग त्यांनी अमेरिकेच्या निक्सनचा दाखला दिला. 1973 च्या नोव्हेंबरात हा गृहस्थ पत्रकारांसमोर म्हणाला की मी लबाड नाही, आणि तेव्हापासून जगाने त्याचे नाव आणि तो शब्द एकमेकांना बांधून टाकले. पत्रकाराच्या तोंडचा वाईट शब्द आपल्या तोंडी घ्यायचा नाही. पटले.

दुसरी अडचण माझ्या मानेची निघाली. आम्ही वऱ्हाडी माणसे समोरचा बोलत असताना मान हलवतो आणि मधून मधून 'हाव' म्हणतो. त्यात होकार नसतो. ऐकतो आहे एवढेच. चित्रफीत परत दाखवली तेव्हा पडद्यावर बाई विचारत होत्या, "तुमच्या बँकेत मोठा घोटाळा झालाय, खरं ना?" आणि निळ्या कोटातला मी मन लावून मान डोलवत म्हणत होतो, "हाव... हाव..." सगळा हॉल हसला. मीही हसलो. पडद्यावरचा मी मात्र अजून मान डोलावतच होतो.

मग तीन ठाम वाक्ये पाठ करायला दिली. ठेवीदारांचे हित सर्वोपरी. बँक सर्व नियमांचे काटेकोर पालन करते. घाबरण्याचे काहीच कारण नाही. प्रश्न कोणताही येवो, उत्तर या तिघांतलेच. जर-तरच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही. आणि पत्रकार मुद्दाम गप्प राहिला तर घाबरून ती शांतता भरायला जायचे नाही, कारण माणूस नको ते बोलतो ते त्याच क्षणी.

नियमनाखालच्या संस्थांचे बोलणे किती जपून असते हेही तेव्हा कळले. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीच्या सदस्यांना बैठकीआधी सात दिवस आणि नंतर सात दिवस व्याजदराबद्दल जाहीर बोलता येत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या बँकेत भावावर परिणाम करणारी माहिती आधी बाजाराला कळवावी लागते, मग बाकीच्यांना. थोडक्यात, ज्याला आतले खरे माहीत आहे त्याच्या तोंडावर कुलूप. मला कोणी कधी काही सांगितलेलेच नव्हते. त्या हिशेबाने बोलायला माझ्याइतका पात्र माणूस अख्ख्या बँकेत नव्हता.

प्रमाणपत्र घेऊन घरी आलो. बायकोने विचारले, "पिठाची गिरणी उघडी होती का?" मी म्हणालो, "फार चांगला प्रश्न आहे." त्यानंतरचे संभाषण इथे देत नाही. गुप्ततेची प्रतिज्ञा आहे.

आता वलगाव. पेढी नदीकाठचे गाव. गाडगेबाबांनी देह ठेवला तो इथेच, 20 डिसेंबर 1956 रोजी, अमरावतीकडे नेत असताना. बाबांचे आणि आमच्या धंद्याचे कधी जमले नसते. कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून लग्न लावू नका, हे ते आयुष्यभर कीर्तनात सांगत राहिले, आणि त्याच गावात आम्ही दिवाळीच्या तोंडावर 'सुलभ हप्त्यांत दुचाकी' असा फलक लावून बसलो होतो. पण बोलण्याच्या बाबतीत बाबा त्या मुंबईच्या बाईंच्या बरोबर उलटे. बाई सांगत होत्या, प्रश्नाला बगल द्या. बाबा स्वतःच प्रश्न विचारायचे, गर्दीकडून उत्तर वदवून घ्यायचे, आणि लोकांना वाटायचे की हे आपल्यालाच सुचले. हे मला नंतर सुचले. वेळेवर सुचले असते तर हा लेख झाला नसता.

ऑक्टोबरचा महिना होता. मतदान 21 तारखेला, दिवाळी त्याच आठवड्याच्या शेवटी. सोयाबीन बाजारात निघाले होते, त्याचा पैसा खात्यात येत होता आणि आला तसा मजुरी चुकवायला लोक काढून नेत होते. शाखेतली रोकड सकाळीच तळाला लागली. अमरावतीच्या करन्सी चेस्टमधून रोकड मागवली होती. पण आचारसंहिता लागली की रस्त्यांवर निवडणुकीची पथके बसतात. बँकेच्या रोकड गाडीतसुद्धा कुठून निघाली, कुठे चालली, किती रक्कम, सगळ्याचे कागद लागतात. आमची नेहमीची गाडी दुरुस्तीला गेली होती, बदली गाडी आली, आणि पत्रावर नंबर जुन्याच गाडीचा राहिला. पथकाने गाडी बाजूला घेतली. पथकाचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

शाखेत आमच्या हेड कॅशियर बाईंनी काचेतून रांगेला सांगून टाकले, "नाक्यावर गाडी अडकली हाय. कागद गेले हायेत. थांबत असान तं थांबा, नाही तं चार वाजता या." लोकांनी ऐकले. काही घरी गेले, काही बाहेरच्या ओट्यावर बसून निवडणुकीचे बोलू लागले. सगळे शांत होते, आणि तसेच राहिले असते.

तेवढ्यात एक पोरगा आला. मोबाइलवर बातम्यांचे चॅनल चालवणारा, हातात चॅनलचे नाव लावलेला माईक. पोरगा बिचारा चांगला होता. त्याला दोन वाक्ये हवी होती. आणि माझ्या अंगावर, योगायोगाने, साधा निळा शर्ट होता.

"सायेब, आज बँकेत पैसे नाहीत का?"

वाईट शब्द तोंडी घ्यायचा नाही. "फार चांगला प्रश्न आहे. महत्त्वाचं हे आहे की ठेवीदारांचं हित आमच्यासाठी सर्वोपरी आहे."

"थे तं बरोबर हाय. पण पैसे हायेत का नाही?"

"बँक सर्व नियमांचं काटेकोर पालन करते."

पोराच्या डोळ्यांत तेव्हा चमक आली. "मंग रिझर्व्ह बँकेनं काही बंदी घातली का तुमच्यावर?"

इथे माझी मान हलली. मुंबईच्या बाईंनी इतके सांगून हलली. तोंडातून 'हाव' निघाले नाही, एवढे श्रेय मी आजही प्रशिक्षणाला देतो. "जर-तरच्या प्रश्नावर मी बोलणार नाही," मी म्हणालो.

पोरगा गप्प झाला. मला आठवले : शांतता भरायची नाही. मीही गप्प. मोबाइल चालू, दोघे एकमेकांकडे बघतोय, मागे ओट्यावरचे बोलणे हळूहळू थांबत चाललेले. शेवटी मलाच सोसवले नाही. मी कॅमेऱ्यात बघितले, शिकवले होते तसे किंचित हसलो आणि म्हणालो, "घाबरण्याचं काहीच कारण नाही."

ओट्यावरची सगळी माणसे एकदम उभी राहिली.

गाडी संध्याकाळी पाचला आली. तोवर माझी चित्रफीत गाडीपेक्षा कितीतरी पुढे गेली होती. वर मथळा : 'वलगावच्या बँकेत चाललंय काय? व्यवस्थापकांनी उत्तर टाळलं!' त्यात बंदीच्या प्रश्नावर हललेली माझी मान कोणीतरी वेगळी कापून पुन:पुन्हा हलती ठेवली होती. रात्रीपर्यंत मुंबईच्या बँकेचा तो हजार रुपयांचा आकडा आमच्या शाखेच्या नावावर जमा झाला. पुण्यात शिकणाऱ्या पोरांचे आईबापांना फोन येऊ लागले. त्याच आठवड्यात एका मोठ्या खासगी बँकेच्या पासबुकावरचा शिक्का देशभर फिरत होता, की ठेवीला विमा एक लाखापर्यंतच. ती बँक सांगत होती की 2017 पासून पासबुकावर हे छापायचा रिझर्व्ह बँकेचाच आदेश आहे, आणि ते खरेही होते. पण शिक्का मारताना कोणी खुलासा केला नव्हता आणि खुलासा आला तेव्हा शिक्का खेडोपाडी पोचला होता. 1 ऑक्टोबरला स्वतः रिझर्व्ह बँकेने जाहीर केले होते की देशाची बँकव्यवस्था सुरक्षित आहे, अफवांना घाबरू नका. गावातल्या ग्रुपवर तेही फिरले, पण पुरावा म्हणून. खाली एकाने लिहिले होते, "रिझर्व्ह बँकेले सोता सांगा लागून राह्यलं. म्हणजे पाय!"

सकाळी शाखा उघडायच्या आधी रांग रस्त्यापर्यंत गेली होती. बचत गटाच्या बाया एकच पासबुक धरून सगळ्या मिळून आल्या होत्या. एक आबाजी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवपावती घेऊन पुढे उभे. एक तरुण गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आला आणि खासगीत विचारू लागला, "सायेब, मायं फक्त कर्जच हाय. बँक बुडाली तं थे माफ होते का?" त्या सकाळी पूर्ण आशेने आलेला तो एकटाच.

मी खुर्चीवर उभा राहून बोलणार होतो. हेड कॅशियर बाई आल्या आणि अगदी अदबीने म्हणाल्या, "साहेब, तुम्ही केबिनमध्ये बसा. चहा पाठवते. अन् दार लावून घ्या." मग त्यांनी शिपायाला हाताशी घेऊन स्ट्राँगरूममधून बंडले आणली आणि काचेच्या आत, दारातून दिसतील अशी रचून ठेवली. म्हणाल्या, "काल गाडीचा नंबर बदलला होता म्हणून नाक्यावर अडवली. आता पैसे हे असे हायेत. ज्याले पायजे त्यानं न्या. एकेक जण या." एवढेच. त्यात ठेवीदारांचे हित नव्हते, नियमांचे पालन नव्हते. (नोटा अशा मांडून ठेवणे तर नियमात बसतच नव्हते.)

आबाजी काचेपाशी आले. पावती पिशवीतून काढली नाही. बंडलांकडे बराच वेळ बघत राहिले. "काढायचे का आबाजी?" बाईंनी विचारले. "नाही बाप्पा, पाहाले आलतो," म्हणाले, आणि मागच्या माणसाला जागा देऊन निघाले. बचत गटाच्या बायांचा आपसात वाद झाला आणि त्याही परतल्या. दुपारपर्यंत रांग नेहमीची झाली. तरुणाचे कर्ज तसेच राहिले.

नंतर वाचनात आले की हे जपानमध्ये आधीच घडून गेले आहे. 1973 च्या डिसेंबरात आइची प्रांतातल्या टोयोकावा भागात तीन शाळकरी मुली आगगाडीत गप्पा मारत होत्या. एकीला तिथल्या पतपेढीत नोकरी लागणार होती. मैत्रिणीने थट्टेत म्हटले की तिथे धोका असतो. तिला म्हणायचे होते दरोडेखोरांचा. ते नातेवाइकांच्या कानी गेले, तिथून दुकानांत, आणि काही दिवसांत दारात झुंबड. आवरताना तिथेही अखेर नोटांचे ढीग लोकांना दिसतील असे रचावे लागले. वलगाव ते टोयोकावा, उपाय एकच निघाला. कारण मात्र आमच्याकडे जास्त हुद्देवाले होते.

2023 मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेच्या प्रमुखाने मोठ्या ग्राहकांना फोनवर शांत राहायला सांगितले. त्या एका दिवसात, 9 मार्चला, सुमारे 4,200 कोटी डॉलर बँकेबाहेर गेले. त्या साहेबाचे प्रशिक्षण माझ्यापेक्षा नक्कीच महागडे असणार. याउलट युरोपच्या मध्यवर्ती बँकेच्या मारिओ द्रागींनी 2012 च्या जुलैत लंडनमध्ये सांगितले की युरो वाचवायला लागेल ते सगळे करू, आणि घाबरलेला बाजार सावरला. त्यांच्या पाठीशी नोटा छापायचा अधिकार होता. माझ्या पाठीशी नाक्यावर अडकलेली गाडी होती. पण मी गाडीचे नावसुद्धा घेतले नव्हते, हा फरक उरतोच.

काही दिवसांनी कारणे दाखवा नोटीस आली. आरोप दोन. माध्यमांशी विनापरवानगी बोललो. आणि रोकड उघड्यावर मांडली. दुसऱ्याबद्दल कॅशियर बाईंचे नाव मी कुठेही घेतले नाही. तेवढी गुप्तता अजून शिल्लक होती. पहिल्याचे उत्तर लिहायला बसलो आणि शिकलेले सगळे आपोआप उतरत गेले : हा महत्त्वाचा मुद्दा उपस्थित केल्याबद्दल आभार, ठेवीदारांचे हित सर्वोपरी मानून कार्यवाही केली, सर्व नियमांचे पालन करण्यास शाखा कटिबद्ध आहे. त्या दिवशी काय झाले, गाडी कुठे होती, एक अक्षर लिहिले नाही. क्षेत्रीय कार्यालयाचा शेरा आला : 'खुलासा समाधानकारक. प्रकरण बंद.'

तेव्हा समजले की ते शिक्षण वाया गेले नव्हते, मी ते चुकीच्या दिशेला वापरले होते. ती भाषा वर पाठवण्यासाठी केलेली आहे. खाली ओट्यावर बसलेल्या माणसाला गाडी कुठे आहे ते सांगावे लागते. ते सांगता येत नसेल, सुरक्षेचे कारण असेल, तर चार वाजता या म्हणावे आणि चार वाजता पैसे द्यावेत. माझे स्पष्ट मत आहे की बँकेच्या कोणाही साहेबाने 'घाबरू नका' हे शब्द उच्चारणे दंडनीय करावे. काउंटरवरच्या माणसाला मात्र दोन वाक्ये बोलायची लेखी मुभा द्यावी, आणि प्रशिक्षणाला पाठवायचेच असेल तर आधी त्याला पाठवावे.

आता मी निवृत्त आहे, बोलायला कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून त्या दिवशी रांगेला जे सांगायला हवे होते ते इथे सांगतो. बँकेतल्या ठेवीचा विमा 1993 पासून एक लाखाचा होता, 4 फेब्रुवारी 2020 पासून तो पाच लाखांचा झाला. मुद्दल आणि व्याज धरून पाच लाख, आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतल्या तुमच्या ठेवी मिळून पाच लाख. सरकारी, खासगी, ग्रामीण आणि सहकारी बँकांना तो लागू आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. पासबुकाचे पहिले पान उघडा, तिथे छापलेले असेल. नसेल तर शाखेत जाऊन विचारा, आणि साहेब 'फार चांगला प्रश्न आहे' म्हणाले तर कॅशियरला विचारा.